पंधरा सेकंदांपुढचं

भोपाळच्या इंद्रपुरीतलं आईचं घर रिकामं करायला घेतलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी माळ्यावरून फोनचा स्टँड निघाला. बाबांनी केलेला. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून, वर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: ‘फोन स्टँड. नाजूक नाही.’

अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, दोन ठिकाणी वाकवलेली. कडा कानशीने घासून इतक्या मऊ केलेल्या, की खुशाल गालावरून फिरवावी. फोन टेकणार तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला. बाबा इथल्या मोठ्या कारखान्यात जन्मभर मशिनिस्ट होते. त्यांच्या हातची वस्तू डगमगत नसे. हाही टेबलावर ठेवला तर अजून एका जागी घट्ट बसतो. फक्त त्याच्यावर फोन कधी ठेवला गेला नाही. वस्तू वापरून जुन्या होतात, हा बिचारा बसून बसून जुना झाला.

“ठेव तो,” आई दिवाणावरून म्हणाली. ती साड्यांच्या घड्या घालत होती. “नाही, देऊन टाक कुणाला तरी. बरं, राहू दे, ठेव.”

मी ठेवला आणि शेजारी बसलो. घर रिकामं करणाऱ्याने खाली बसू नये, असं बायकोने सकाळीच बजावलं होतं. आईला आमच्याकडे कोटरा सुल्तानाबादला न्यायचं, सामान रविवारच्या आत हलवायचं, असा सगळा बेत तिने कागदावर मांडून दिला होता. त्यात बसण्याला वेळ ठेवलेला नव्हता. पण बसलो, आणि दुपार हातातून गेली.

आई फोनवर व्हिडिओ करायची त्या दोन-तीन वर्षांचा वास मला अजून येतो. गच्चीवरच्या तापलेल्या टाक्या, जुन्या धोतरावर वाळत घातलेल्या कुरडया, चिकाचा आंबूस वास, आणि दूर कारखान्याच्या भोंग्यानंतर दोन क्षण सगळीकडे पसरणारी ती शांतता, जिच्यात फक्त कबुतरं बोलायची. कठड्याशी आई उभी. पदर खांद्यावर नीट घेतलेला, कपाळावरचा घाम तळहाताने पुसलेला. समोर बाबा. दोन्ही हातांत फोन असा धरलेला, जणू मोजमापाचं नाजूक हत्यार आहे. एक डोळा मिटलेला. तो मिटायची काही गरज नसते हे मी त्यांना कितीदा सांगितलं. “सवय आहे,” म्हणायचे.

मग ते म्हणायचे, “हं... चालू!”

आणि आई हिंदीत सुरू व्हायची. “नमस्ते बहनों, मैं भोपाल से. आज हम कुरडई का चीक देखेंगे.” चीक अर्धा ढवळून होतो न होतो तोच पंधरा सेकंद संपायचे, आणि ते अ‍ॅप आपलं आपण थांबायचं. बाबा फोन खाली करून म्हणायचे, “झालं.” दोघं शेजारी शेजारी माना खाली घालून आत्ताच पाहिलेलं पुन्हा पाहायची.

अ‍ॅप परदेशी होतं, छोट्या छोट्या व्हिडिओंचं. नाव लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांच्या अंगठ्याला ते अजून आठवत असेल. आईच्या फोनमध्ये ते कुणी घातलं याचा तपास मी बरेच दिवस केला. शेवटी कळलं, की खालच्या मजल्यावरच्या कानडे काकूंनी. काकू उज्जैनच्या. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली, की कुठली कुठे संपते ते त्यांनाही सांगता येणार नाही. आणि त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळच्या आत तिन्ही इमारतींत पोचायची. बाबा त्यांना मागून ‘प्रादेशिक बातम्या’ म्हणत.

पावसाळ्यात गच्ची बंद व्हायची आणि व्हिडिओ स्वयंपाकघरात यायचे. ओल्या भिंतींचा वास, फोडणीतली बडीशेप, पोह्यांवर भुरभुरलेली शेव. थंडीत मटार. वर्तमानपत्रावर हिरवा ढीग, उन्हाचा चौकोन सरकेल तसा सरकत जाणारा, आणि आई शेंग कानाशी नेऊन सांगायची, की चांगली शेंग कशी वाजते. त्या व्हिडिओला सगळ्यांत जास्त बदाम आले होते. कुठल्याशा गावातल्या बाईने खाली लिहिलं होतं, ‘माताजी, आज मैंने भी कान लगाया.’ आईने ते आठवडाभर सगळ्यांना वाचून दाखवलं. दूधवाल्यालासुद्धा.

प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला बाबांचं ते “हं... चालू!” राहायचं. मी म्हणायचो, “आई, ते काप गं. विचित्र वाटतं.”

“कापता येत नाही मला.”

“मी शिकवतो, सोपं आहे.”

“मला शिकायचं नाही.”

मला वाटायचं, म्हातारपण. हट्ट. आता वाटतं, आपण किती जाड कातडीचे असतो.

स्टँड त्याच काळातला. बाबांचे हात किंचित थरथरायला लागले होते. चित्र हलतं, अशी तक्रार करणारा मीच. त्यांनी चार दिवस खपून हा स्टँड केला आणि आईपुढे ठेवला. आईने तो उलटापालटा करून पाहिला, छान झालाय म्हणाली, आणि विचारलं, “यावर फोन ठेवला, तर मग तुम्ही काय करणार?”

बाबांनी थोडा विचार केला, आणि स्टँड माळ्यावर गेला.

आता माझ्याविषयी. सांगायला नको वाटतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी विमा कंपनीच्या कचेरीत बसतो. एकदा मला सायबर सुरक्षेच्या अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. जेवणासह. त्या अर्ध्या दिवसावर मी पुढची पाच वर्षं काढली. घरी, सासुरवाडीला, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात, जिथे चार माणसं आणि एक फोन दिसेल तिथे मी उभा राहून बोलायला लागायचो. माहिती हे नवं सोनं आहे, परवानग्या तपासा, आपण फुकट वापरतो तेव्हा आपणच माल असतो, वगैरे. बायको अशा वेळी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची.

“आई, ते परदेशी लोक तुझं सगळं बघतात.”

“बघू देत की. त्यासाठीच तर टाकते.”

“तसं नाही गं! तुझी सगळी माहिती गोळा करतात. तू कुठे राहतेस, काय बघतेस, काय आवडतं.”

इथे बाबांनी पेपर खाली केला. “मिळाली का त्यांना?” ते म्हणाले. “मिळाली असेल तर एक प्रत मागून घे रे. हिला काय आवडतं ते मला पन्नास वर्षांत कळलेलं नाही.”

आई हसून हसून ठसकली. मी मात्र फोन हातात घेऊन त्या अ‍ॅपच्या सगळ्या परवानग्या एकेक करून तपासल्या. कॅमेरा द्यावाच लागत होता, माइकही. पण फोटोंच्या दालनात शिरायची परवानगी मी ताठ मानेने नाकारली. आपली खासगी छायाचित्रं त्यांनी का पाहावीत? त्या नकारामुळे आईचा एकही व्हिडिओ फोनमध्ये जपला जात नव्हता, सगळे नुसते तिकडेच राहत होते, हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर जेवणानंतर सांगितलं असेल.

टाळेबंदीच्या वर्षी सरकारने ते अ‍ॅप बंद केलं. त्याच्याबरोबर आणखीही कितीतरी. मला कोण आनंद! जणू मीच दिल्लीत जाऊन सही करून आलो होतो. निर्बंध तोवर जरा सैल झालेच होते. पुढच्या रविवारी मी इंद्रपुरीला आलो आणि इमारतीच्या अंगणात अ‍ॅप-विसर्जन जाहीर केलं. होय, हेच नाव मी दिलं. फाटकाला कागदही लावला.

सगळ्या काकवा मुखपट्ट्या लावून, अंतर राखून उभ्या. मधे स्टुलावर एरवी कुरडयांच्या चिकाला लागणारी मोठी परात. तिच्यात सगळ्यांचे फोन. मी एकेक फोन सॅनिटायझरने पुसायचो, मालकिणीकडून उघडून घ्यायचो, आणि “पुढच्या वर्षी येऊ नका!” म्हणत ते अ‍ॅप काढून टाकायचो. लोक हसत होते. प्रसाद म्हणून केळी वाटली. अ‍ॅप तसंही चालत नव्हतं, उघडलं की नुसती सूचना यायची. काही दिवस आपले व्हिडिओ परत उतरवून घ्यायची सोय होती, असं पुढे कुणीतरी सांगितलं. मी ती सूचना खालपर्यंत वाचली नव्हती. खालपर्यंत वाचा, असं मी दुसऱ्यांना सांगायचो.

कानडे काकूंनी एक काळाठिक्कर पडलेला फोन पुढे केला, तो सुरूच होईना. “मग गेलंच समजा,” मी म्हणालो आणि त्यांनाही केळं दिलं.

आई शेवटी आली. फोन परातीत ठेवताना तिने विचारलं, “माझे ते सगळे आता कुठे राहतील?”

“सर्व्हरवर.”

“म्हणजे आहेत ना कुठेतरी?”

“हो गं.”

“मागितले तर देतील?”

“देतील की,” मी म्हणालो. मला काही ठाऊक नव्हतं. पण समोर गर्दी होती आणि माझ्या हातात सॅनिटायझर होतं. बाबा लांब पायरीवर बसले होते. आईच्या हातातलं केळं घेऊन त्यांनी ते सोलून तिला परत दिलं, एवढं आठवतं.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर आईने मला आत बोलावलं. “ते सर्व्हरवरचं आता मागून घे,” ती म्हणाली. “सगळे नको. एखादा दे. मला माझं काही बघायचं नाही. सुरुवातीचं तेवढं ऐकायचंय.”

तेव्हा लक्षात आलं, की आमच्याकडे बाबांचा आवाजच नाही. लग्नांच्या कॅसेटींत ते कुठेतरी पंगतीत वाढत असतात, पाठमोरे. फोनवर ‘हं’ आणि ‘ठेव’ यापलीकडे गेले नाहीत. सगळे फोटो त्यांनी काढलेले, म्हणून फोटोतही नाहीत. जन्मभरातलं त्यांचं बोलणं जे काही नोंदलं गेलं ते त्या दोन शब्दांत होतं, आणि ते दोन शब्द मी परातीत घालून, वरून केळी वाटून विसर्जित केले होते.

मी पत्रं लिहिली. कंपनीच्या परदेशातल्या पत्त्यावर, इथल्या पत्त्यावर, जो मिळेल त्या पत्त्यावर. नम्र विनंती, माझ्या आईचं खातं, कृपया. उत्तर यंत्राने पाठवलेलं यायचं: आपल्या देशात ही सेवा उपलब्ध नाही. ज्यांनी आमची माहिती साठवू नये म्हणून मी अंगणात उभा राहून ओरडत होतो, त्यांनी ती साठवलेली असू दे म्हणून आता मी देवापुढे हात जोडत होतो. चोरली असली तरी चालेल, नीट ठेवा म्हणावं. इमारतीतल्या प्रत्येक दारी गेलो. कुणाकडे पुढे पाठवलेला एखादा व्हिडिओ असेल, फोनमध्ये पडून राहिला असेल. दार उघडून लोक म्हणायचे, “नाही हो, तुम्हीच सांगितलं होतं ना, लगेच पुसून टाकत जा म्हणून.” माझ्या व्याख्यानांचा लोकांवर परिणाम होतो, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

कानडे काकूंचं दार बंद होतं. त्या मधल्या काळात मुलीकडे राहायला गेल्या होत्या. आईने नंतर पुन्हा कधी विचारलं नाही. रविवारी मी आलो की ती माझ्या हातांकडे बघायची, पोस्टमनकडे बघतात तशी, आणि मग चहा टाकायला उठायची. हे घर सोडायला ती इतकी वर्षं तयार नव्हती. आता जिने चढवत नाहीत म्हणून तयार झाली. पण परवा मला म्हणाली, “इथे कधी कधी ऐकू आल्यासारखं वाटतं. तुझ्याकडे वाटेल का?” मी खोक्यावर चिकटपट्टी लावत बसलो.

तर स्टँड टेबलावर ठेवून आम्ही बसलो होतो, तेवढ्यात कानडे काकू आल्या. महिन्यापूर्वीच मुलीकडून परतल्या होत्या. हातात पोह्यांचं पातेलं. आई, म्हणजे त्यांच्या वहिनी, चालल्या म्हणून डोळे आधीच ओले.

“अरे, हा भाऊंचा ना?” त्या स्टँडकडे बघून म्हणाल्या. “किती मस्त बनवला होता. वापरला नाहीत ना तुम्ही? भाऊ स्वतः धरून उभे राहायचे, हं चालू, हं चालू!”

त्यांनी ते असं हुबेहूब म्हटलं, की आईच्या हातातली घडी सुटली. “तेच तर गेलं, काकू,” मी म्हणालो. “एकही व्हिडिओ राहिला नाही. मी खूप शोधले.”

“एकही नाही?” काकू थबकल्या. “तू तर कॉम्प्युटरवाला. मला वाटलं, तुझ्याकडे सगळे असणार.”

“माझ्याकडे काहीच नाही.”

काकूंनी पातेलं खाली ठेवलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. “बेटा, तू नाराज नको होऊ. त्या दिवशी परातीत मी जो फोन टाकला ना, तो ह्यांचा खराब झालेला होता. माझा मी घरी लपवून आले होते. तू फार डांटतोस रे!”

“काकू, ते जाऊ दे...”

“ऐक तर. ते अ‍ॅप बंद व्हायच्या आठ दिवस आधीची गोष्ट. वहिनींचा फोन चार्जिंगला होता, मग मी म्हटलं, माझ्यात घ्या. अ‍ॅपमधून नाही, असाच, साध्या कॅमेऱ्यातून. नंतर टाकून देऊ म्हटलं. माझं दूध गॅसवर, मी खाली पळाले. आणि भाऊंना काय सवय, ते आपणच बंद होतं. ह्यात ते बंद होत नाही ना! त्यांनी फोन खिशात टाकून दिला. पूर्ण बारा मिनिटं चालू होता.” मग त्यांचा आवाज खाली गेला. “नवीन फोन घेतला तेव्हा पोरीने सगळं ह्यात आणलं. मी कुणाला दाखवला नाही. म्हणजे, तो दाखवण्यासारखा नाहीये. घरातला आहे.”

त्यांनी कमरेला खोचलेला फोन काढला, शोधला, आणि आईच्या हातात दिला. आईला चष्मा सापडेना. तो तिच्या डोक्यावर होता.

पडद्यावर गच्ची आली. कठडा, धुरांडं, हिरवी साडी. आई किती काळ्या केसांची होती. आणि मग, अगदी जवळून, फोन धरणाऱ्याच्या गळ्यातून यावा तसा, थोडा घोगरा: “हं... चालू!”

आईने डोळे मिटले. पडद्यावरची आई कैरीच्या कोयीबद्दल काहीतरी हिंदीत सांगत राहिली. “झालं,” बाबा म्हणाले, आणि चित्र फिरलं. आभाळ, चप्पल, सदऱ्याची पट्टी, अंधार. आता फक्त आवाज. कापडाची सळसळ, कबुतरं, आणि त्याखाली काहीतरी संथ ठोका पडावा तसं. खिसा डाव्या बाजूचा असणार.

“कशी दिसले?” आईचा आवाज.

“बरी.”

“नुसतं बरी? नीट बघितलंत तरी का?”

“अगं, फोनमधून बघितलं की तू एवढीशी होतेस. मी वरूनच बघतो.”

“चला, आवरा. रविवार आहे, तो येईल आता. आला की सुरू होईल, परवानगी, माहिती, सोनं...”

“येऊ दे की. बोलला की बरा दिसतो. तुझ्यावर गेलाय.”

दिवाणावर आई हसली. मीही हसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते हसण्याचंच असावं. मग खिशातल्या अंधारात बाबांनी आईला हाक मारली. चारचौघांत ते तिला ‘अगं’ म्हणायचे. आजोळी ती ताई, मंडळात वहिनी. हे नाव वेगळंच होतं. मी पन्नाशी ओलांडली, या दोघांच्या घरात वाढलो, आणि ते नाव मी कधीही ऐकलं नव्हतं. इथेही लिहिणार नाही.

आईने फोन कानाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी मी दार न वाजवता खोलीत शिरलो की पाहायची, तशी.

मी उठलो. काकू कधीच बाहेर गेल्या होत्या. मी दार ओढून घेतलं, कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत, आणि जिन्यात आलो. काकू वरच्या पायरीवर बसल्या होत्या. मी शेजारी बसलो.

“कुठपर्यंत ऐकलंस?” त्यांनी विचारलं.

“त्यांनी हाक मारली तिथपर्यंत.”

“मी पण तिथपर्यंतच,” काकू म्हणाल्या. “इतकी वर्षं झाली. पुढचं मला माहीत नाही.”

आतून हसण्याचा आवाज आला. दोघांचा. काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या, मीही उठलो, आणि आम्ही एक मजला खाली जाऊन बसलो.